हात धुवून मागे

आमच्या घराण्यात शिक्षणाच्या तीनच शाखा मान्य आहेत : डॉक्टर, इंजिनिअर आणि ‘अजून काही ठरलं नाही’. धाकट्या भावाची मुलगी अंबाजोगाईहून पुण्याला ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ करायला येणार म्हटल्यावर तिला नेमकं कुठल्या शाखेत बसवायचं, यावर फोनाफोनी झाली. डॉक्टर होणार का? नाही. मग नर्स? तेही नाही. तिला आरोग्य शिक्षक व्हायचं होतं. आमच्या आत्याबाईंनी खुलासा मागितला तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टर आजारी माणसाला बरं करतो, आत्या. आम्ही बऱ्या माणसाला आजारी पडू देत नाही.” आत्याबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “ते ठीक आहे गं. पण मग पैसे कोण देतं?”

सार्वजनिक आरोग्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, हे मला नंतर कळलं. न झालेल्या आजाराचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं?

तर पुतणी आमच्याकडे राहायला आली. तिच्या वर्गात बरेचसे दंतवैद्य होते, काही होमिओपॅथ, एक फिजिओथेरपिस्ट, दोघं समाजकार्यवाले आणि एक इंजिनिअर, जो हल्ली कुठल्याही वर्गात असतोच. दाढा उपटून कंटाळलेली माणसं समाजाच्या मुळाशी जायला बघतात, असा माझा अंदाज होता. तो मी बोलून दाखवला नाही, कारण तोवर तिने जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला होता. आमच्याकडे जेवताना काय बोलू नये याचे काही नियम होते. पहिल्याच संध्याकाळी कोशिंबिरीबरोबर पटकी आली आणि ते नियम संपले.

या विषयाचा पहिला तास जगात कुठेही घ्या, त्यात जॉन स्नो असतोच. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची मोठी साथ आली. पटकी घाणेरड्या हवेतून येते असं तेव्हाचे विद्वान मानत. स्नो घरोघर फिरला, मृत्यू कुठे झाले ते मांडलं, आणि संशयाचं बोट ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे गेलं. ७ सप्टेंबरला तो तिथल्या स्थानिक मंडळापुढे गेला आणि ८ तारखेला पंपाचं हँडल निघालं. साथ तोवर ओसरायला लागली होती आणि बरेच लोक पळून गेले होते, हे स्नोनेच लिहून ठेवलंय. पण पाठ्यपुस्तकांना हँडल आवडतं. मला त्यात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटली ती तारखांची. आज बैठक, उद्या हँडल. आमच्या वॉर्डात हँडल काढायचं म्हटलं तर आधी ते कुणी बसवलं याचा फलक बघावा लागतो.

माझी आई, म्हणजे तिची आजी, सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “आन् मग हँडल काढल्यावर बायांनी पाणी कुठून आणलं?”

पुतणीने वही काढली आणि प्रश्न लिहून घेतला. मला मात्र वेगळीच शंका येत होती. या स्नोसाहेबाने एकाही माणसाचं प्रबोधन केलं नव्हतं. फलक नाही, घोषवाक्य स्पर्धा नाही, प्रभातफेरी नाही. सरळ हँडल काढायला लावलं. आणि त्याला आद्यपुरुष मानणाऱ्या शास्त्रात आमची मुलगी दोन वर्षं फलक कसे करायचे ते शिकणार होती.

आरोग्य शिक्षकाला सरावासाठी समाज लागतो. जवळ पडणारा समाज म्हणजे आम्ही. पहिला नंबर हिच्या मिठाचा लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. पुतणीने स्वयंपाकघरातली बरणी सोमवारी वजन करून ठेवली, पुढच्या सोमवारी पुन्हा वजन केलं, घरातल्या माणसांनी भागलं आणि आलेला आकडा संशोधकाला शोभेल अशा गंभीर चेहऱ्याने आमच्यापुढे ठेवला. ही म्हणाली, “हे सगळं बरोबर आहे, पण यात लोणचं नको धरूस. ते लोणचं आहे.” पापडही त्याच न्यायाने सुटले. शेवटी असं ठरलं की मीठ फक्त मिठातच मोजायचं, आणि तेवढ्यात आम्ही बसत होतो.

मग माझी पाळी. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम करावा. मी भाजीला जातो, दुधाला जातो, मिनिटं भरत होती. तिने ‘मध्यम गती’वर बोट ठेवलं. ती कशी ओळखायची? तर चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. मी तिला सांगितलं, मला बसल्या जागीही गाता येत नाही. हे उत्तर तिच्या पुस्तकात नव्हतं.

पण हे सगळं चिल्लर होतं. खरं क्षेत्रकार्य आजीच्या खोलीत होतं. आजी मिश्री लावते.

शहरी वाचकांसाठी सांगायला हवं : तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून बारीक पूड करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं, ती मिश्री. महाराष्ट्रातल्या कितीतरी बायका, ज्या तंबाखू खाणाऱ्या पुरुषाकडे तुच्छतेने बघतात, त्या दिवसातून तीनदा मिश्री लावतात. कारण ती तंबाखू नव्हेच, ते दात घासणं आहे. आजी मिश्री कधीपासून लावते हे तिलाही सांगता येत नाही. एवढा टिकाऊ नमुना घरबसल्या मिळाल्यावर पुतणीने आपल्या लघुप्रकल्पाचा विषय ठरवून टाकला.

आधी संमतिपत्र. माणसाला चार प्रश्न विचारायचे झाले तरी हल्ली नैतिकता समिती संमतिपत्र मागते, आणि ते प्रश्नावलीपेक्षा लांब असतं. पुतणीने आजीला ते नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. माहिती गोपनीय राहील. सहभाग ऐच्छिक आहे. आपण कोणत्याही क्षणी, कोणतंही कारण न देता माघार घेऊ शकता. इथे आजीने तिला थांबवलं.

“परत वाच.”

तिने परत वाचलं.

“कारण नाही सांगायचं?”

“नाही सांगायचं.”

“माझ्या लग्नाच्या वेळी कुठं होता गं हा कागद?” आजी म्हणाली, आणि तिथल्या तिथे माघार घेतली. घेता येते म्हणून.

दोन दिवस विनवण्या झाल्यावर ती पुन्हा सहभागी झाली. मग ‘ज्ञान, दृष्टिकोन, आचरण’ अशी तीन भागांची पाहणी. या पाहणीमागचं गृहीतक साधं : लोक चुकीचं वागतात कारण त्यांना माहीत नसतं, सांगितलं की दृष्टिकोन सुधारतो, आणि मग आचरण. पहिला भाग ज्ञान. मिश्रीने काय होतं? आजी म्हणाली, तोंडाचा कॅन्सर. आणखी? हिरड्या सडतात, दात हलतात, पोरगी पोटुशी असली तर बाळ अशक्त निघतं. हे कुठून कळलं? “टीव्हीवर दाखवतात की. ते फुप्फुसाचं स्पंज पिळून काळं पाणी काढतात, रोज बघते मी.” कधी बघतेस? “मिश्री लावताना.”

ज्ञानात पैकीच्या पैकी गुण. दृष्टिकोनही उत्तम, सुनेने किंवा नातीने मिश्रीला हात लावलेला तिला अजिबात खपला नसता. आणि आचरण तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर काळं दिसतच होतं. मग का लावतेस? “पोट साफ होत नाही तिच्याबिगर.” शास्त्राने दहा पायऱ्या चढून आणलेला प्रश्न एवढ्याशा उत्तरावर येऊन बसला.

पुतणी सिद्धांतांकडे वळली. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या तपासणीसाठी एक्स-रेच्या गाड्या वस्त्यांमध्ये नेल्या जात. तपासणी फुकट, तीही घराजवळ, तरी माणसं फिरकत नव्हती. सरकारी आरोग्यसेवेतल्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर डोकं खपवलं आणि त्यातून ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ निघालं. सार असं, की माणसाला हे आपल्याला होऊ शकतं असं वाटलं पाहिजे, झालं तर वाईट आहे असं वाटलं पाहिजे, उपायाने फरक पडेल असं वाटलं पाहिजे, आणि उपायाचा जाच रोगापेक्षा जास्त आहे असं वाटता कामा नये. आजी चौथ्यावर नापास झाली. पहिल्यावरही झालीच; ‘आता या वयात कुठला कॅन्सर यायलाय माझ्याकडं’ हा तिचा मुद्दा खोडायला आकडेवारी लागली असती, आणि ती तोंडावर सांगायची हिंमत घरात कुणाला नव्हती.

दुसरा सिद्धांत प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या दोघांचा. माणूस सवय एकदम सोडत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतो : आधी विचारच नसतो, मग विचार, मग तयारी, मग कृती, मग ती टिकवणं. मी बारकाईने पाहिलं तेव्हा पहिल्या टप्प्याला किती काळ लागावा याची कमाल मर्यादा कुठे दिलेली नव्हती. आजी तिथे निवांत होती.

मग शिकवायचं थांबवून नुसतं विचारायचं, अशीही एक रीत त्यांना शिकवली होती. उपदेश नाही, आकडे नाहीत, फक्त मोकळे प्रश्न. एका दुपारी पुतणीने विचारलं, “आजी, मिश्री लावताना तुला कसं वाटतं?” हा प्रश्न आजीला आजवर कुणी विचारला नव्हता. ती जी बोलायला लागली ती चहा होऊन दिवे लागले तरी थांबेना. सासूने कशी शिकवली; पहाटे परसात चौघी जावा मिश्री लावत बसायच्या; तेवढा वेळ कुणी पुरुष तिकडे फिरकायचा नाही, त्यामुळे दिवसातलं खरं बोलणं काय ते तेव्हाच व्हायचं; त्यातली कोण कशाने गेली. पुतणीची वही भरली. तिच्या मार्गदर्शक बाईंनी ‘विषयाला सोडून’ असा शेरा मारला.

त्यानंतर आजीची दुपारची मिश्री बंद झाली. सकाळची आणि रात्रीची आहे, पण दुपारची गेली. कुठल्या सिद्धांतामुळे, ते दोघीही सांगत नाहीत. माझा संशय असा, की दुपारी आता दोघी गप्पा मारतात आणि तोंडात मिश्री असली की नीट बोलता येत नाही.

दरम्यान विद्येच्या बाकीच्या अंगांचाही अभ्यास चालू होता. पूर्वी याला नुसतं ‘आरोग्य शिक्षण’ म्हणत. मग ‘माहिती, शिक्षण, संवाद’ झालं, त्याचं ‘वर्तनबदल संवाद’ झालं, आणि आता ‘सामाजिक आणि वर्तनबदल संवाद’ आहे. नाव लांबत गेलं, पथनाट्यातला यम तोच राहिला. डेंग्यू असो, दारू असो, हिवताप असो, काळे कपडे घातलेला यम शेवटी येतोच आणि ज्याने सल्ला ऐकला नाही त्याला घेऊन जातो. तिच्या गटात हे काम सगळ्यात उंच दंतवैद्याकडे होतं. एका गावात प्रयोग संपल्यावर यम मूळचा दातांचा डॉक्टर आहे अशी बातमी फुटली आणि गदा बाजूला ठेवून त्याला तासभर दाढा तपासाव्या लागल्या. माझ्या मते त्या दौऱ्यातलं सगळ्यात उपयुक्त आरोग्यकार्य तेच.

शिवाय दिनविशेष. २४ मार्च क्षयरोग दिन, ७ एप्रिल आरोग्य दिन, ३१ मे तंबाखूविरोधी दिन, १५ ऑक्टोबर हात धुण्याचा, १९ नोव्हेंबर शौचालयाचा, १ डिसेंबर एड्सचा. पुतणीने हे सगळे भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवले. संकष्टीच्या घरात क्षयरोग येऊन बसल्यापासून ही रोज सकाळी विचारते, “आज उपास आहे, की नुसते हात धुवायचे?”

हा विषय पुण्यात शिकण्याचा एक फायदा मात्र आहे. तिची बस रोज गणेशखिंड रस्त्यावर अडकते. २२ जून १८९७च्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून गव्हर्न्मेंट हाउसमधून निघालेल्या रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली ती याच रस्त्यावर. रँड हा प्लेग समितीचा अध्यक्ष. रोगी शोधून वेगळे काढायचे, हे कागदावर ठीकच होतं. पण त्यासाठी सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. लोकांना विश्वासात न घेता साथ आवरायला गेलं की काय होतं, हे शिकवायला बाहेरच्यांना उदाहरणं शोधावी लागतात. त्याच वर्षी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. आणि ते गव्हर्न्मेंट हाउस म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. पुतणी म्हणते, “काका, आमचा सगळा अभ्यासक्रम त्या सिग्नलला आहे. आणि सिग्नल सुटत नाही, म्हणून तो पूर्ण होतो.”

क्षेत्रकार्यासाठी त्यांना मराठवाड्यातल्या एका गावात पाठवलं. पावसाळ्याच्या तोंडावर, डेंग्यूच्या प्रबोधनासाठी. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा घरातली सगळी पिपं, हौद, रांजण रिकामे करायचे, घासायचे, उन्हात कोरडे करायचे. याला ‘कोरडा दिवस’ म्हणतात. गणित बिनचूक आहे. चित्रांचा तक्ता उलगडून पुतणीने ते मारुतीच्या पारावर समजावून सांगितलं. बाया शांतपणे ऐकत होत्या. मग एक म्हणाली, “ताई, नळाला पाणी कधी येतं ठावं हाय का?”

दहाव्या दिवशी.

“मंग सातव्या दिशी पिपं पालथी घालायची, अन् पुढचे तीन दिस पाणी काय डासाला मागायचं?”

आणि मागून दुसरी : “आमच्याकडं तर रोजच कोरडा दिवस असतोय.”

तक्त्याच्या पुढच्या पानावर डासाचं मोठं रंगीत चित्र होतं. पुतणी म्हणते, ते उलगडायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी तिथल्या आशाताईने तिला गल्लीतून फिरवलं. पिपांच्या तोंडांवर जुन्या लुगड्यांचे तुकडे सुतळीने करकचून बांधलेले होते. हौदांत गप्पी मासे सोडलेले होते. ते डासांच्या अळ्या खातात. हे सगळं कुणी केलं? आशाताई म्हणाली, मीच. पिपं ओतायला सांगून कोण ऐकणार? लुगडी मागितली की बाया देतात. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पुण्याला गेलाय, कुठल्या घरात आज गेलं तर चालेल आणि कुठे उद्या, हे तिला तोंडपाठ होतं. आशा २००५च्या योजनेतून आल्या, पण या कल्पनेची पाळंमुळं आपल्याकडची आहेत. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायांना, त्यात निरक्षर कितीतरी, आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावच्या बायांच्या हाती नवजात बाळं वाचवायची विद्या दिली. या गावच्या बायांतल्या कुणी ‘वर्तनबदल’ हा पेपर दिलेला नव्हता. निघताना आशाताईने पुतणीला विचारलं, “तुमाला पगार असतोय का ओ?” तिला स्वतःला कामागणिक मोबदला मिळतो, आणि तो कधी मिळतो हा वेगळा विषय आहे. आत्याबाईंचा प्रश्न असा तिथेही जाऊन पोचला होता.

पुतणीने अहवालात एकच शिफारस लिहिली : गावाला चार दिवसांनी पाणी द्यावं. अहवाल परत आला. ही शिफारस आरोग्य शिक्षणाच्या कक्षेत येत नाही, पाणीपुरवठा विभागाच्या येते. तेव्हा तिने हँडल पाणीपुरवठ्याकडे सोडलं, आपल्या कक्षेतला तक्ता पुन्हा रंगवला, डासाच्या जागी लुगडं बांधलेलं पीप काढलं आणि उत्तम श्रेणीत पास झाली.

नोकरीही लागली. अकरा महिन्यांच्या करारावर, एकत्रित मानधनावर. मुलाखतीत साथरोगशास्त्रावर एक प्रश्न आला आणि मराठी टायपिंगवर तीन. पहिलंच स्वतंत्र काम म्हणजे १५ ऑक्टोबरच्या हात धुवा दिनाचा फ्लेक्स. तिने तो जीव ओतून केला. हात धुण्याच्या सात पायऱ्या, तळवे, पंजाची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, सगळं शब्दांशिवाय कळेल असं. शाळेतल्या मुलांना आधी दाखवून, त्यांना न कळलेली दोन चित्रं बदलून, मग मंजुरीसाठी पाठवला. परत आला तेव्हा वर मान्यवरांची रांग होती, खाली शुभेच्छुकांची, आणि मधल्या पट्टीत सगळे हात काडेपेटीएवढे झालेले. सोबत सूचना : जागेअभावी सातपैकी तीन पायऱ्या कमी कराव्यात.

त्या रात्री जेवताना कुठल्या तीन पायऱ्या गाळायच्या यावर खल झाला. हिचं म्हणणं, नखं ठेव. मी अंगठ्याच्या बाजूने होतो. आजी बराच वेळ फ्लेक्सकडे बघत होती. म्हणाली, “त्या वरच्या माणसांचेच फोटो घे की हात धुताना. एकेकाला एकेक पायरी वाटून दे.”

पुतणीने गंमत म्हणून तसा प्रस्ताव पाठवला. तासाभरात मंजूर झाला. फक्त मान्यवर आठ आहेत, तेव्हा हात धुण्यात आणखी एक पायरी वाढवता येईल का, अशी वरून विचारणा आहे.